चौदा नंबरची शिदोरी

“भिंगारदिवेबाई झाल्या की भोरबाई,” दाराशी बसलेला शिपाई म्हणाला. “चष्माबिष्मा पुसायचा तो आत्ताच पुसून घ्या. आत गेल्यावर घड्याळ थांबत नसतं.”

मी चष्मा पुसला. सकाळपासून तो चार वेळा पुसून झाला होता, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. सरकारी प्रशिक्षण केंद्राच्या व्हरांड्यात आम्ही पाचजणी बाकावर ओळीनं बसलो होतो, लस टोचायला आणलेल्या पोरींसारख्या. दाराला वरच्या बाजूला काच होती. काचेतून एस्तेरची पाठ दिसत होती, अंबाड्यात खोचलेली अबोली दिसत होती आणि तिच्यासमोर आमचं चौदा नंबरचं मशीन.

अठरा वर्षं झाली या गोष्टीला. त्या काचेवर खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा एक थेंब वाळलेला होता, तोसुद्धा मला आठवतो.

एस्तेर भिंगारदिवे ही माझी अकरा वर्षांची जोडीदारीण. जोडीदारीण म्हटलं की लोकांना वाटतं शेजारी बसणारी. तसं नव्हतं. आम्ही दोघी एकाच मशीनवर काम करायचो, म्हणून एका वेळी कधीच करायचो नाही. तिची सकाळची शिफ्ट, माझी दुपारची. दोन वाजता भोंगा व्हायचा, ती उठायची, मी बसायची. मधली पाच मिनिटं आमची. त्या पाच मिनिटांत तिच्या पोरांचे मार्क, माझ्या सासूबाईंचे गुडघे, गवारीचा भाव, सगळं उरकायचं. एकदा आम्ही भांडलोही होतो. पण दोन वाजता सुरू झालेलं भांडण संपवायला दुसऱ्या दिवशीच्या दोनची वाट बघावी लागली, आणि तोवर दोघींचाही राग निवून गेला होता.

बाकीचं बोलणं मशीनच्या खणातून व्हायचं. नाताळात त्यात तिच्या घरच्या करंज्या असायच्या, संक्रांतीला माझा तिळगूळ. माझे यजमान गेले तेव्हा मी बारा दिवस कामावर नव्हते. तेराव्या दिवशी गेले तर खणात माझा चष्मा पुसायचं फडकं धुऊन, इस्त्री करून ठेवलेलं होतं. वर चिठ्ठी नव्हती. मी ते फडकं तोंडाला लावून तिथंच रडले.

आमची कंपनी नगरच्या एमआयडीसीत होती. तिथं रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचच्या, कॉइल बनायच्या. बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या रिळावर तांब्याची तार गुंडाळायची. पायानं मोटार चालवायची आणि बोटानं तार सांभाळायची. तार केसाहून बारीक. ती मोठ्या रिळापासून कॉइलपर्यंत यायची ती पाच डोळ्यांतून, म्हणजे सुईच्या नेढ्यासारख्या पाच छिद्रांतून ओवलेली. कॉइल संपली की तार तोडायची, आणि तोडली की ती सटकन मागं पळायची. मग परत पाच डोळे. मुरलेल्या बाईला त्याला मिनिटभर लागायचं. रिकामं मशीन कुणाला मिळालं तर तिची शिफ्ट त्या पाच डोळ्यांत तार ओवण्यापासून सुरू व्हायची.

म्हणून आमच्यात एक रीत होती. उठताना मशीन रिकामं सोडायचं नाही. नवी कॉइल लावायची, पहिला थर चढवायचा आणि तशीच ठेवून उठायचं. येणारीला तार ओवलेली मिळते. याला आम्ही शिदोरी म्हणायचो. कुणी आणि कधी हे नाव पाडलं ते ठाऊक नाही. सुपरवायझरला हे आवडायचं नाही, पण बायकांच्या रितीपुढं त्याचं काही चालत नव्हतं. आणि शिदोरी म्हणजे फक्त पहिला थर, त्याहून जास्त नाही. पुढचीच्या नावावर जाणारा पीस आपण कशाला पूर्ण करायचा? माया होती, पण खुळेपणा नव्हता.

“शिदोरी ठेवलीय गं,” असं म्हणून एस्तेर उठायची. रोज. अकरा वर्षं.

मग कंपनी व्हिएतनामला गेली. ‘गेली’ म्हणजे खरंच गेली. लाकडी खोक्यांत भरून, कंटेनरवर चढून. त्याआधी तिकडच्या सहा पोरी दोन महिने आमच्याकडे शिकायला आल्या होत्या. कशासाठी शिकतात ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही शहाण्यांनी विचारलं नाही. उलट त्यांना मन लावून शिकवलं, डब्यातली भाजी खायला घातली. एस्तेरनं त्यांना शिदोरीसुद्धा शिकवली. मी मुलीच्या नकाशाच्या पुस्तकात तो देश शोधला तोवर आम्ही सगळ्याजणी घरी बसलो होतो.

नवी मशीनं गेली. एकच जुनं मशीन वाहतुकीच्या लायकीचं नाही म्हणून मागं राहिलं, ते चौदा नंबरचं. ते त्यांनी सरकारी केंद्राला देऊन टाकलं. आणि तेवढ्यात सरकारनं आमच्यासारख्यांसाठी योजना काढली. काम परदेशी गेल्यामुळे बेकार झालेल्या कामगारांना तीन आठवडे प्रशिक्षण, आणि शेवटी परीक्षा. पास होईल तिला पाणीपुरवठ्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या नव्या सरकारी वर्कशॉपमध्ये कायमची नोकरी. नापास होईल तिला शिलाई मशीन.

पहिल्या दिवशी एक कोवळा साहेब आला आणि बदलाला हसतमुखानं सामोरं कसं जावं, यावर दोन तास बोलला. आमच्यातली एकही हसली नाही, पण चहा बरा होता. त्यानंतर सगळं कुलथे साहेबांकडे होतं. साठीला टेकलेले, कमी बोलणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला.

“एका तासात बारा कॉइल. उतरवून, टोकांना पट्टी लावून वाटीत ठेवलेल्या. मशीनवर राहिलेला पीस धरला जाणार नाही. बारा म्हणजे पास, अकरा म्हणजे नापास. माझ्या हातात याहून जास्त काही नाही.”

ते तीन आठवडे मला अजून आठवतात. एस्तेर आणि मी पहिल्यांदा एका शिफ्टला होतो! सकाळी दहा ते पाच, शेजारी शेजारी. मशीनवर प्रत्येकीची तासाची पाळी, बाकी वेळ बाकावर एकत्र. ती जेवताना आधी भात खाते आणि मग भाकरी, हे मला अकरा वर्षांनी कळलं. ती हसताना तोंडावर पदर धरते, हेही. घर कसं चालणार याची चिंता डोक्यावर होती, आणि तरी सकाळी केंद्रावर जाताना मी जवळजवळ पळत जायची. सासूबाई म्हणायच्या, “नोकरी गेल्याचा आनंद झालेला बघितलेली पहिलीच बाई तू.”

“वर्कशॉपमध्ये एकच शिफ्ट हाये,” एस्तेर म्हणाली. आम्ही केंद्रामागच्या बदामाच्या झाडाखाली डबे उघडून बसलो होतो. “म्या इच्यारलं कुलथे सायबांना. दहा ते पाच. दोघी एका टेबलावर. निवृत्त होईस्तोवर असंच बसून खायचं.”

“आधी पास तर होऊ दे.”

“व्हशील गं.”

“कशी होणार? काल दहा झाल्या, परवा दहा. एकदाच अकरा झाल्या, तेही तू तार ओवून दिलीस म्हणून.”

ते खरं होतं. माझे हात चांगले होते. डोळे गेले होते. चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढत होता, आणि पाच डोळे ओवायला मला आता मिनिटं लागायची. कधी कधी तर मी तार ओवलीय असं समजून मोटार चालू करायची आणि तार बाहेरच लोंबत असायची. एस्तेर मात्र रोज तेरा करायची, गप्पा मारत.

“नापास झाले तर शिलाई मशीन मिळेल की,” मी म्हणाले. मला हसायचं होतं, पण जमलं नाही. “लोकांचे ब्लाउज शिवीन.”

एस्तेरनं आपल्या पदराला टाचलेली सुई काढली आणि माझ्यापुढं धरली. मग डब्याच्या फडक्यातून एक दोरा उसवला.

“ओव.”

मी ओवायला लागले. दोरा ओला केला, पिळला, सुई आभाळाकडे धरली. एस्तेर भाकरी खात बघत होती. तिची भाकरी संपली, ताकाची वाटीही संपली, तरी माझा दोरा नेढ्याच्या आजूबाजूलाच फिरत होता.

“दे हिकडं,” ती म्हणाली. न बघता तिनं दोरा ओवला. “शिवणाऱ्या आल्या मोठ्या.”

“मग मी काय करू, एस्तेर?” मी चष्मा काढून डोळे पुसले. “घरात दुसरं कुणी नाही. राणी दहावीला आहे.”

“रडू नको. मीठ जास्त हुईल भाजीत,” ती म्हणाली, आणि माझ्या डब्यातली भाजी आपल्या डब्यात घेतली. “परीक्षेला सावकाश बस. हातांना ठावं हाये. डोळ्यांनी मधे मधे करू नये एवढंच.”

परीक्षेच्या दिवशी आडनावांच्या क्रमानं पाळ्या होत्या. म्हणून भिंगारदिवे आणि मागं भोर. माझ्यामागं म्हस्के. एस्तेर आत गेली तेव्हा कुणालाच तिची काळजी नव्हती. मी पर्समधला उपासाचा राजगिऱ्याचा लाडू काढून तिला अर्धा दिला होता, तो तोंडात धरूनच ती गेली.

पण त्या दिवशी तार वाईट होती. कंपनीची तार संपली होती, केंद्रानं कुठूनतरी नवी आणली होती, आणि ती ठिसूळ निघाली. काचेतून मी बघितलं, एस्तेरचा हात दोनदा थांबला. दोनदा तिनं अर्धवट झालेली कॉइल उतरवून बाजूला टाकली आणि परत पाच डोळे ओवले. तरी ती घाबरली नव्हती. पाठ ताठच होती.

घंटा झाली. दार उघडलं. एस्तेर बाहेर येताना मी आत जात होते. रोज दोन वाजता जसं व्हायचं तसंच. तिनं माझ्या दंडाला हात लावला.

“शिदोरी ठेवलीय गं,” ती म्हणाली.

मी बसले. तार ओवलेली होती. कॉइल मशीनवर होती. मी पायाखाली मोटार दाबली आणि तासभर मान वर केली नाही. माझी तारही दोनदा तुटेल अशी झाली, पण तुटली नाही. घंटा व्हायला जेमतेम क्षणभर उरला असताना शेवटची कॉइल मी वाटीत टाकली. कुलथे साहेबांनी मोजल्या.

“बारा,” ते म्हणाले आणि माझ्या नावापुढं लिहिलं. “शाब्बास, भोरबाई.”

निकाल तिसऱ्या दिवशी लागला. कुलथे साहेब व्हरांड्यात उभे राहून वाचत होते आणि आम्ही खाली अंगणात.

“बोरुडे, बारा. पास. भिंगारदिवे...” ते थांबले. चष्म्यावरून त्यांनी एस्तेरकडे पाहिलं. “भिंगारदिवे, अकरा. नापास. भोर, बारा. पास.”

कुणाचा विश्वास बसला नाही. म्हस्के म्हणाली, “साहेब, परत बघा. चुकून उलटं वाचलं असंल.”

“उलटं नाही वाचलं,” कुलथे साहेब म्हणाले. मग एस्तेरला, “बाई, तुमची बारावी कॉइल मशीनवर होती. मिनिटभर वेळ हातात होता. उतरवून पट्टी लावायची तेवढी, मिनिटाचंच काम. का नाही उतरवली?”

एस्तेर हसली. तोंडावर पदर घेतला.

“सवय, साहेब. आमच्यात मशीन रिकामं सोडत नाहीत.”

“सवय?” साहेबांनी कागद खाली केला. “अहो, ही परीक्षा होती.”

“ध्यानात नाही राहिलं.”

बायका हळहळल्या. मग थोडं हसल्या. अकरा वर्षांची सवय, बिचारी परीक्षेतही शिदोरी ठेवून उठली. एमआयडीसीत ही गोष्ट पुढं कितीतरी वर्षं विनोद म्हणून सांगत. मी एस्तेरकडे वळले, तोंड उघडलं. तिनं माझं मनगट धरलं.

“गप,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “मला शिवता येतं.”

आणि मी गप्प राहिले.

महिन्याभरात ती श्रीरामपूरला बहिणीकडे राहायला गेली. तिच्या नवऱ्यालाही तिकडे छापखान्यात काम मिळालं. मी तिला स्टँडवर पोचवायला गेले होते. शिलाई मशीन एसटीच्या टपावर दोरीनं बांधलेलं होतं. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. आम्हाला पाच मिनिटांत बोलायची सवय होती, तरी त्या दिवशी दोघींपैकी एकीलाही काही सुचलं नाही. मी म्हणाले, “पोचलीस की पत्र टाक.” ती म्हणाली, “सासूबाईंना गरम मोहरीचं तेल लाव.” झालं.

मी वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं काढली. राणी शिकली, तिचं लग्न झालं, सासूबाई समाधानानं गेल्या. ते सगळं त्या नोकरीनं झालं. टेबल लांबलचक होतं आणि माझ्या शेजारची खुर्ची बरेच दिवस रिकामी होती. दुपारी डबा उघडला की मी आधी भात खायची, मग भाकरी. पूर्वी मी असं खात नव्हते.

एस्तेरनं मला गप्प बसवलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. राणीलाही तसंच सांगितलं. आता नोकरी संपली, सांगायला हरकत नाही. ती ‘गप’ म्हणायच्या आधीच मी गप्प होते. तोंड उघडलं होतं ते नुसतंच.

आणि एक. मी मशीनवर बसले तेव्हा त्या कॉइलवर पहिला थर नव्हता. ती पुरी भरलेली होती. शेवटचे दहा-बारा फेरे राहिले होते, बस. ते मी बसल्या बसल्या पाहिलं होतं. मुरलेली बाई होते मी, शिदोरी कशाला म्हणतात ते मला ठाऊक होतं. त्याआधी काचेतूनही पाहिलं होतं. शिपाई “एक मिनिट” म्हणाला तेव्हा एस्तेरनं मोटारीवरचा पाय काढला. कॉइल उतरवली असती तर तार तुटून मागं पळाली असती, आणि नवी लावून पाच डोळे ओवायला वेळ उरला नसता. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि घंटा होईपर्यंत घड्याळाकडे बघत स्वस्थ बसून राहिली. सवयीनं उठणारी बाई अशी बसत नाही.

माझी घंटा झाली तेव्हा मी मात्र मशीन रिकामं सोडून उठले. मागं म्हस्के होती. चौदा नंबरचं मशीन आमच्या हातून अकरा वर्षांत पहिल्यांदा रिकामं राहिलं, ते मी ठेवलं.

मी श्रीरामपूरला जाईन म्हणत राहिले. चाळीस मैलांवर आहे, दोन तासांची गाडी. कधी राणीची परीक्षा, कधी सासूबाईंचं दुखणं, कधी पाऊस. खरं कारण एकच होतं. एस्तेरनं विचारलं असतं, “तुला तेव्हाच कळलं होतं ना?” तर काय सांगायचं, ते मला अठरा वर्षांत ठरवता आलं नाही. दर नाताळात करंज्यांचा डबा यायचा. मी तिळगूळ पाठवायची. चार ओळींचं पत्र तिचं, चार ओळींचं माझं.

मी निवृत्त झाले त्या महिन्यात पोस्टानं एक पुडकं आलं. आत ब्लाउज होता, अबोली रंगाचा, माझ्या मापाचा. माप तिनं कधी घेतलं होतं देव जाणे. शिवण इतकी बारीक की चष्मा लावूनही टाका दिसेना. पाच हूक बसवलेले होते. सहावा, सगळ्यात खालचा, अर्ध्यावर सोडलेला होता. दोन टाके घातलेले, आणि कापडात सुई टोचून ठेवलेली.

सुईत दोरा ओवलेला होता.

खाली चिठ्ठी होती. ‘शिदोरी ठेवलीय गं. आता तुलाही वेळ आहे आणि मलाही. ये.’

मी सुई तशीच ठेवून ब्लाउजची घडी घातली. मग उठून राणीला फोन लावला, ब्लाउजचं आणि राहिलेल्या हुकाचं सांगितलं आणि श्रीरामपूरच्या गाड्यांच्या वेळा विचारल्या. ती म्हणाली, “आई, ब्लाउज घालून जा ना. हूक लावून देऊ का मी?”

“नको,” मी म्हणाले. “तो तसाच राहू दे. तो लावायला मी तिच्याच शेजारी बसणार आहे.”